पोरीच्या भाराचा गूळ

"एक फुल, एक हाफ. मुखेड," उमादेवी म्हणाली, तेव्हा कंडक्टरनं तिच्याकडे बघितलंच नाही. त्यानं तिच्या शेजारी, खिडकीशी बसलेल्या लेकीकडे, नीलांबिकेकडे बघितलं. त्याचा मास्क हनुवटीखाली लोंबत होता. "हाफ कुणाचं?" त्यानं विचारलं. "हिचं. दहावं चालू आहे." "ताई, कामून खोटं बोलून राहिलाव? हे लेकरू बाराच्या आतलं हाय व्हय?" मागच्या सीटवर कुणीतरी फिसकन हसलं. उमादेवी पर्समध्ये आधार कार्डाची झेरॉक्स शोधू लागली. पर्समध्ये सॅनिटायझरची बाटली होती, दोन पेनं होती, कसलीशी गोळ्यांची पट्टी होती, झेरॉक्स तेवढी नव्हती. आणि तेवढ्यात नीलू खिडकीबाहेर बघतच, मोठ्या माणसाच्या समजूतदार आवाजात म्हणाली, "फुलच द्या काका." कंडक्टरनं मशीनमधून दोन फुल तिकिटं काढली, उमादेवीच्या हातात कोंबली आणि तो पुढच्या सीटकडे वळला. एवढंच झालं. लातूरच्या स्टँडवर दिवसातून दहादा होत असेल असं. एवढ्या तेवढ्यानं माणसाचा दिवस नासू नये, पण उमादेवीचा नासला.

तिला राग कंडक्टरचा आला नाही. त्याचं काय, तो डोळ्यांनी बघतो आणि तिकीट फाडतो. तिला राग आला तो नीलूच्या त्या समजूतदारपणाचा. पोरीनं भांडायला हवं होतं, निदान रडायला हवं होतं. 'फुलच द्या' हे तिनं इतक्या सहज म्हटलं की हा प्रश्न तिला आज पहिल्यांदा कुणी विचारलेला नाही, हे उमादेवीला लख्ख कळलं. शाळेच्या ऑटोत विचारला असेल, दुकानात विचारला असेल. आणि आज तर अजून सगळा दिवस पुढे होता. मुखेडच्या पुढे सासूच्या गावात, वीरभद्राच्या देवळापुढे मोठा तराजू टांगायचा होता. एका पारड्यात नीलू बसणार, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी. गाव गोळा होऊन बघणार. सासूनं, कमलम्मानं, दुसऱ्या लाटेत नवस बोलला होता की सून दवाखान्यातून जित्ती घरी आली तर नातीच्या भाराचा गूळ वाटीन. सून जित्ती घरी आली. देऊळ बंद होतं ते उघडलं, एसटीचा संप होता तो मिटला, आणि आता कमलम्माला दम निघत नव्हता. देवाचं देणं असं थकवून ठेवू नये म्हणे. बस नांदेड रोडला लागली तेव्हा उमादेवीनं मनाशी ठरवून टाकलं, नीलूला पारड्यात बसू द्यायचं नाही. सासूला, आत्याबाईंना, काय सांगायचं ते पुढचं पुढे.

ठरवलं खरं, पण अंगात ताकद नव्हती. सरकारी दवाखान्यात नर्स झाल्यापासून ती थकलेलीच होती. पण पूर्वीचा थकवा झोपेनं जायचा. कोविडच्या त्या दोन वर्षांनंतरचा जात नव्हता. झोपून उठलं की तो उशाशी बसलेला असायचा. खिडकीतून मे महिन्याचं उघडंबोडकं रान मागे पळत होतं, नांगरून पडलेली काळी ढेकळं, मध्येच एखादं बाभळीचं झाड, त्याखाली उभ्या गाई. पुढच्या सीटवर दोन माणसं उदगीर जिल्हा होणार का नाही यावर बोलत होती. एक म्हणत होता, झाला की मुखेड तिकडंच जाणार, कचेरी जवळ पडते. दुसरा म्हणाला, "कचेरी जवळ येऊन काय करावं? पानी येतंय का जवळ?" नीलू डब्यातली शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकरी खात होती. घरून निघताना ती जेवली होती. आता चाकूरही आलं नव्हतं. उमादेवीनं तिच्या हाताकडे बघितलं आणि नीलूनं बघणं ओळखून डबा हळूच ओढणीखाली सरकवला. चोरून खाणाऱ्या पोरीला ओरडावं की कुशीत घ्यावं, हे उमादेवीला इतक्या महिन्यांत एकदाही धड ठरवता आलं नव्हतं. बहुतेक वेळा ती ओरडत असे.

हीच पोर एके काळी काडी होती, हे आज कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी नीलू अंगणवाडीत जात होती. उमादेवी तिला मोठ्या घमेल्यात उभी करून अंघोळ घालायची आणि घमेल्यातलं पाणी संडासाला वापरायची. ओल्या अंगाची पोर घमेल्यात उभी राहिली की बरगड्या दिसायच्या. कमलम्मा तेव्हा पाहुणी म्हणून आली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "उमा, हे लेकरू हाय का उसाचं चिपाड?" तेव्हापासून सासूनं ध्यासच घेतला. गावाकडून येताना तूप, शेंगा, करड्याचं तेल, डिंकाचे लाडू. आपल्याकडे तब्येत हा शब्द मोठा लबाड आहे. पोर वाळलं की तब्येत उतरली, अंगानं भरलं की तब्येत सुधारली. वजन वेगळं आणि प्रकृती वेगळी, असे दोन शब्द ठेवायची गरजच या मुलखाला कधी पडली नाही. दुष्काळानं तेवढी चैन करू दिली नाही. म्हणून तर कोविडमध्ये आजीकडे ठेवलेली नीलू दीड वर्षानं गावाहून परत आली, स्टँडवर एसटीतून उतरली, आणि उमादेवी तिच्या अंगावरून पुढे बघत राहिली, गर्दीत आपली पोर शोधत, तेव्हा नवरा गुरुलिंग आपल्या आईच्या कौतुकानं, खुशीत म्हणाला होता, "अगं, ही काय समोर! अव्वानं काय तब्येत केलीय बघ." आईनं आपल्याला ओळखलं नाही, हे नीलूनं पाहिलं होतं. घरी येताना ऑटोत तिनं दोघांच्या मध्ये न बसता ड्रायव्हरच्या मागची उलटी सीट घेतली.

तिला गावी पाठवल्याचं उमादेवीला वाईट वाटायचं, पण चूक वाटायची नाही. दुसरं करणार काय होती? दीड खोलीचं घर, आपली ड्युटी कोविड वॉर्डात, गुरुलिंग डाळमिलमध्ये, आणि खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आपण दिसलो की दार लावून घेणारी. पोरीला आजीकडे सोडलं, तिथं अंगण होतं, शेरडं होती, मोकळी हवा होती. पहिल्या लाटेत ती तिथंच राहिली आणि दुसऱ्या लाटेतही. उमादेवी रोज फोन करायची. किट उतरवून, हात धुऊन, जिन्याखाली खुर्ची टाकून. बोलायला असायचं काय? वॉर्डातलं काही सांगण्यासारखं नव्हतं. सकाळी ज्या पलंगावरच्या आजींनी आपलं नाव विचारलं तो पलंग दुपारी रिकामा असायचा, हे आठ वर्षांच्या पोरीला काय सांगायचं? मग ती विचारायची, जेवलीस का? काय जेवलीस? किती भाकरी? नीलू सांगायची आणि उमादेवीला बरं वाटायचं. जगात कुठंतरी एक लेकरू पोटभर जेवून अंगणात खेळतंय, एवढ्या भरवशावर ती पुन्हा किट चढवायची. मग तिला स्वतःलाच झालं. ती आपल्याच वॉर्डात पेशंट म्हणून पडली, नाकाला ऑक्सिजन, फोन कुठल्या तरी पिशवीत. ते दिवस तिच्या डोक्यात नीट लागलेलेच नव्हते. छताचा पंखा आठवायचा, बाजूच्या बाईचं कण्हणं आठवायचं, आणि ते एकदम थांबलेलं आठवायचं. नीलू त्या दिवसांत काय करत होती, हे तिनं कधी विचारलं नाही. बरं झाल्यावर विचारावंसं वाटलं असेल, पण तोवर पुन्हा ड्युटी लागली होती.

शाळा उघडली आणि नीलूला जुना एकही कपडा होईना. उमादेवीनं तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी वजन केलं, उंची घेतली, तिरकी मान करून आकडे बघितले आणि म्हणाले, सिस्टर, तुम्हाला काय सांगायचं, लॉकडाऊनमध्ये कितीतरी पोरांचं असंच झालंय, काही फुगली, काही वाळली. खाणं आवरा, चालवा. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "घरात काही झालं होतं का? पोरगी घाबरली वगैरे?" उमादेवी म्हणाली, "नाही." तिनं खोटं सांगितलं नव्हतं, तिला खरंच तसं वाटत होतं. झालं होतं ते आपल्याला, आणि आपण तर बऱ्या झालो. पोरीला काय होणार, ती आजीकडे मजेत होती. मग घरात वाटीनं मोजून भात सुरू झाला, संध्याकाळी मैदानाच्या फेऱ्या सुरू झाल्या. नीलू मुकाट्यानं फेऱ्या मारायची, मुकाट्यानं अर्धी वाटी भात खायची. आणि दप्तरात, उशीच्या अभ्र्यात, देवघराच्या खालच्या कप्प्यात शेंगदाणे आणि गुळाचे खडे सापडायचे. एकदा उमादेवीनं सगळे खडे टेबलावर ओतून विचारलं, "तुला लाज कशी वाटत नाही गं?" नीलू खड्यांकडे बघत राहिली. ती नजर उमादेवीला निगरगट्ट वाटली होती.

जांबला बस बराच वेळ थांबली. पाण्याच्या बाटल्या विकणारा चढला, उतरला. नीलूनं डबा संपवून झाकण लावलं आणि विचारलं, "मम्मी, तराजू कसला असतो? डिजिटल का पारड्याचा?" उमादेवीला वाटलं, पोर धास्तावलीय. तिनं नीलूचा हात हातात घेतला आणि बजावून सांगितलं, "तू काळजी करू नको. मी बोलते अव्वाशी. तुला कुणी बसवणार नाही." नीलूनं हात तसाच राहू दिला. तिचा चेहरा उतरला, पण उन्हात बस तापली होती आणि सगळ्यांचेच चेहरे उतरलेले होते.

कमलम्मा मुखेडच्या स्टँडवर आली नाही, तिनं जीप पाठवली. घरी पोचल्या तर ती ओसरीवर पाय पसरून बसलेली, गुडघ्याला तेल लावत. दोन वर्षांत ती आटली होती. नात बघून तिचा चेहरा उजळला, तिनं नीलूची दृष्ट काढली, बोटं मोडली, आणि कपाळावरची विभूती बोटानं पोरीच्या कपाळाला लावली. "आलं मव्हं सोनं! तब्येत ऱ्हायली की गं चांगली. आईनं उपाशी मारली न्हाई म्हनायचं." ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाटावर गुळाच्या ढेपी रचल्या होत्या आणि त्यांवर मुंग्या येऊ नयेत म्हणून हळदीची रेघ ओढली होती. नीलू त्या ढेपींसमोर जाऊन उभी राहिली. उमादेवीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि ती बोलली. तिनं मनात फार जुळवाजुळव केली होती, पण बोलली ती सगळं एका दमात. आत्याबाई, नीलूला पारड्यात बसवायचं नाही. पोर मोठी झालीय, शाळेत पोरं नावं ठेवतात, गावासमोर वजन करणं तिच्या मनाला लागेल. गूळ वाटू, जेवढा म्हणाल तेवढा वाटू, अंदाजानं. नाहीतर तुम्ही नवस बोलला तेव्हा तिचं जे वजन होतं तेवढा. पण तराजू नको.

तिला वाटलं होतं, सासू आकांडतांडव करील. देवाशी लबाडी करून राहिलीस का म्हणेल. उत्तरं तिनं तयार ठेवली होती. कमलम्मानं गुडघ्यावर आणखी थोडं तेल घेतलं. मग म्हणाली, "बरं."

"बरं?"

"हाव बाई. देव काय काटा घेऊन बसलाय व्हय? त्याला काय किलो कळतंय? तू आलीस, पावलं. लेकराला तकलीफ नको." तिनं धोतराच्या चिंधीला हात पुसले. "धोंडप्पाला सांगते, तराजू नको आनू म्हनून."

इतक्या सहज मिळालेल्या विजयाचं काय करावं ते उमादेवीला कळेना. तिला एकदम बसावंसं वाटलं. ती बसलीही, उंबऱ्यातच, देवाधर्माचं न मानता. आणि तेव्हा ढेपींपाशी उभी असलेली नीलू म्हणाली, "न्हाई. मी बसनार."

"नीलू, तुला नाही बसायचं. झालं बोलून."

"मला बसायचंय!" पोरगी ओरडली. ओरडताना तिचा आवाज फाटला. दोन वर्षांत ती एकदाही अशी ओरडली नव्हती. "अंदाजानं कसं चालंल? अंदाजानं कमी गेलं म्हंजे? मी एवढं खाल्लं ते काय उगीच खाल्लं व्हय?"

नीलू रडत नव्हती, ती घाईघाईनं समजावून सांगत होती, जसं काही मोठ्या माणसांना साधं गणित कळत नाहीये. अव्वानं तिला देवळाच्या बंद दारासमोर उभं केलं होतं. दाराला कुलूप होतं, तरी अव्वा दाराशीच बोलली. ह्या लेकराच्या भाराचा गूळ देते, हिच्या आईला माघारी धाड. मग घरी आल्यावर नीलूनं विचारलं, माझा भार किती आहे? अव्वा म्हणाली, तू काडी हाय, तुझा काय भार. खा बाई, खाशील तेवढा देवाचा गूळ वाढंल. म्हणून ती खात गेली. पोट दुखलं तरी खाल्लं. एक दिवस तिला भाकरी जाईना, तिनं ताटात ठेवली, आणि त्याच दिवशी पप्पांचा फोन आला की मम्मीचं ऑक्सिजन कमी झालंय. ती मागच्या दारी गेली, कुत्र्यापुढे टाकलेली भाकरी उचलून आणली आणि धुऊन खाल्ली. मग मम्मी बरी झाली. पण गूळ तर द्यायचा राहिलाच होता ना? देवळं बंद, एसट्या बंद. आणि मम्मी पुन्हा त्याच वॉर्डात जात होती. मग तेवढ्यात भार कमी झाला तर? "तू अर्धी वाटी भात द्यायचीस," नीलू आईला म्हणाली, आणि आता तिचा हुंदका आला, "मला लई भीती वाटायची."

कमलम्मानं पदर तोंडावर दाबून धरला होता. "मी तिनं चार घास खावं म्हनून म्हनलं वं उमा," ती पदराआडून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मला काय मालूम, लेकरू मनात धरून बसंल." उमादेवीला सासूचा राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या डोळ्यांसमोर टेबलावर ओतलेले गुळाचे खडे आले, आणि त्या खड्यांकडे बघणारी पोरीची नजर, जिला आपण निगरगट्ट म्हटलं. वॉर्डात इतके जीव तिच्या समोर गेले होते, कुणाला तिनं सलाईन लावलं, कुणाला नुसता हात दिला. आणि तिकडे एक पोर तिच्या नावानं घासामागून घास गिळत होती, भूक नसताना, आणि हे तिला पुसटसं कळलंसुद्धा नव्हतं. तिला वाटलं आपण आता रडू. पण रडायलाही जे लागतं ते त्या दोन वर्षांत संपून गेलं होतं. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "आत्याबाई, धोंडप्पांना बोलवा. तराजू घेऊन."

धोंडप्पा मुखेडच्या आडतीत मापारी होता, म्हणजे जन्मभर दुसऱ्यांचं धान्य तोलण्यात गेलेला माणूस. त्यानं देवळासमोरच्या लिंबाच्या फांदीला तराजूची दांडी बांधली, दोन्ही पारडी रिकामी झुलवून बघितली, काटा मध्यावर आला तेव्हा पारड्यावर हळद-कुंकू टाकलं. ऊन कललं होतं तरी जमीन तापलेली होती आणि बायका पाय उचलून उचलून उभ्या होत्या. गर्दी फार नव्हती. लग्नाची तीथ होती, अर्धं गाव वऱ्हाडात गेलं होतं. उरलेल्यांत एक म्हातारी होतीच, ती म्हणाली, "कमलम्माची नात व्हय? तब्येत लई सुधारली की." नीलूला ते ऐकू गेलंच असेल. ती ओढणी आवरून पारड्यात मांडी घालून बसली आणि दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या. पारडं जमिनीला टेकलं. धोंडप्पानं पहिली ढेप उचलली आणि मापाऱ्याच्या रिवाजानं एक न म्हणता खणखणीत "लाभ!" म्हणाला. मग दोन. मग तीन. दरेक ढेपेला दांडी कुरकुरायची. उमादेवीनं पोरीच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथं लाज नव्हती. परीक्षेचा पेपर देताना असते तशी एकाग्रता होती, ओठ घट्ट मिटलेले, नजर काट्यावर. आणि मग उमादेवीलाच भीती वाटू लागली की ढेपी पुरतील ना. इतके महिने जी पोर हलकी व्हावी म्हणून ती धडपडली, तिच्या पारड्याला आता काही कमी पडू नये, असं तिला मनापासून वाटलं. नर्सचं काम करणाऱ्या बाईला हे शोभणारं नव्हतं, हे तिला कळत होतं. तरी वाटलं. पारडं हळूहळू उचललं गेलं, नीलू जमिनीवेगळी झाली. दांडी आडवी झाली. "बराबर!" धोंडप्पा म्हणाला.

"धोंडप्पा आजोबा," नीलू अधांतरी बसूनच म्हणाली, "नमतं घाला."

म्हातारा हसला. त्यानं फुटलेल्या ढेपीचा एक मोठा तुकडा वर ठेवला आणि गुळाचं पारडं खाली झुकलं. कमलम्मानं देवाकडे बघून हात जोडले, कुणी घंटा वाजवली, कुणी ढेप फोडायला घेतली, आणि पोरं हात पुढे करून धावली. उमादेवीनं नीलूला दोन्ही काखांत हात घालून खाली उतरवलं. ती जड होती, उचलताना पाठीत कळ आली, पण तिनं उतरवलं. नीलूनं चपला घातल्या. तिच्या हातांवर साखळ्यांचे लाल वळ उठले होते. कुणीतरी तिच्या हातावर प्रसादाचा खडा ठेवला, तो तिनं मुठीत धरला, तोंडात टाकला नाही. ती आईच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली आणि बाजूच्या बायकांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात तिनं विचारलं, "मम्मी, आता मी थोडं कमी जेवले तर चालंल का?"

इतके महिने हेच तर उमादेवी तिला सांगत होती, प्रेमानं, धाक दाखवून, ओरडून. आता पोर स्वतः परवानगी मागत होती, आणि उमादेवीच्या तोंडून हो फुटेना.